पहिली पेटी

३ एप्रिल, गुरुवार
शमिकाचं कसं होणार! पुण्याहून नातीचा फोन. तिने कंपनीत आंब्याचा खेळ बनवलाय, मोबाईलवरचा. मोबाईलवर आजवर कधीच खेळल्या नाहीत अशा बायकांसाठी. आंबा उतरवायचा, गवत घालून पेटी भरायची, विकायची. "आजोबा, बायका नाही खेळल्या तर खेळ बंद. आणि मी घरी." आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना दिलाय. आमच्या हिच्या, मैनाच्या, आणि शेजारच्या सोनूबाईच्या फोनवरही आला. आमच्या म्हाताऱ्या असलं खेळतील?

५ एप्रिल
मैना दुपारभर फोनवर! एकच पेटी भरत होती, फळ निवडून निवडून. डाळ करपली. सोनूबाई ओट्यावरून — "नातवाच्या खेळात नुसती मारामारी. ह्यात कोण मरत नाय, कोण घाई करत नाय. चुकला आंबा तर परत ठेव!"
मला जरा धीर आला.

७ एप्रिल
घात झाला. शमिका रडवेली. सगळ्या बायका पहिली पेटी भरतात आणि तिथेच सोडून देतात! साहेब म्हणतो, कंटाळल्या. खेळ बंद करणार.
मी मैनावर ओरडलो. "पोरीची नोकरी घालवलीस!"
तिने नुसतं देव्हाऱ्याकडे बोट केलं. फोन तिथे! हळदकुंकू लावलेला, पुढे दिवा. "पहिली पेटी विकतात होय? बागेतली कधी विकलीत? अहो, काय ही अक्कल!"
सोनूबाईकडे धावलो. तिचाही देवापुढे. वर जास्वंद.

८ एप्रिल
शमिकाला सांगितलं. ती हसत सुटली. मग म्हणाली, "आजीला द्या फोन." दोघी किती वेळ बोलत होत्या!

१३ एप्रिल
खेळात आता देवाचा कोनाडा आहे. पहिली पेटी तिथे ठेवायची, मग पुढची विकायची.

१८ एप्रिल
चाललाय! वाडीतल्या बाबूची आई आजवर फोन नुसता उचलायची आणि ठेवायची, ती आता खेळ सोडून जेवायला उठत नाही म्हणे. शमिकाचं साहेबाने कौतुक केलं. इतकं चांगलं झालं की मला झोप नाही.

२२ एप्रिल
मैनाने खेळात नवा हंगाम सुरू केला. पेटी कोनाड्यात ठेवायला गेली तर फोन पैसे मागतो! तिने फोन पालथा ठेवला.
सोनूबाईने भरले. "देवाला नाय कसा म्हणू, भाऊ?"
शमिका फोन उचलत नाही. हे तिने केलं? विचारायचं कसं? नोकरीचा प्रश्न आहे.

२४ एप्रिल
फोन आला. कोनाड्याचे पैसे ही साहेबाची करणी. ती म्हणाली, काढून टाका. तो म्हणाला, बायका बिनतक्रार भरतायत, कशाला काढू?
"आजोबा, मी राजीनामा दिला. ओरडू नका."
मी म्हटलं, "सकाळची गाडी धर. स्टँडवर येतो."