कुलपातला पंप

सोमवार.

चार वर्षांच्या अन्वीचा दम्याचा नवा पंप आणि नळी तिच्या आईने आज माझ्या पाळणाघरात आणून दिली. साडेसहाशेची वस्तू, पोरं मोडतील म्हणून मी कपाटात कुलूपबंद केली. दुपारी मुलं जाऊबाईंवर सोपवून महादेवाच्या देवळात गेले, किल्ली कमरेलाच. परतले तर अन्वी कपाटाचं दार धरून उभी, छाती शिट्टीसारखी वाजतेय.

"अगं, किल्ली घेऊन कुठे गेलीस!" जाऊबाई ओरडल्या.

पंप दिल्यावर पोर सावरली. पण ती शिट्टी अजून कानात आहे. कुणापासून जपत होते मी?

संध्याकाळी तिची आई आली. "काकू, त्रास नाही ना दिला?"

"छे गं, शहाण्यासारखी राहिली."

अन्वी कडेवरून माझ्याकडे बघत होती.