पेन्सिलीने लिहिलेलं नाव

छावणी,
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भूकंपाच्या छावणीत येऊन मला महिना झाला. फोनचा टॉवर अजून आडवाच आहे, म्हणून ही पत्रं. आईला वाचून दाखवताना माझं अक्षर लागत नाही असं म्हणू नकोस, मुद्दाम सावकाश लिहितोय.

तुझा भाऊ इथला मोठा माणूस आहे, हसू नकोस. गोदामाच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. पीठ, तेल, साबण, ताडपत्री, काहीही बाहेर पडायचं तर माझी सही लागते. सकाळी दार उघडायच्या आधीच रांग शाळेच्या पडक्या भिंतीला वळसा घालून गेलेली असते. घरी मला धड भाजी आणता येत नाही म्हणून तू डोकं धरायचीस, इथे आजोबांच्या वयाची माणसं मला साहेब म्हणतात.

परवा मुख्य कचेरीतून एक बाई आल्या आणि आम्हा सगळ्यांना दोन तास बसवून शिकवून गेल्या. छावणीतल्या कोणत्याही बाईशी संबंध ठेवायचा नाही, तिची मर्जी असली तरी नाही, असा नियम. मागच्या बाकावर आमची टवाळी चालली होती. सही मात्र सगळ्यांनी केली.

फाटकी पोती शिवायला मी एक बाई ठेवली आहे. बावीसची असेल. नवरा ढिगाऱ्याखाली गेला आणि कार्ड त्याच्या नावावर, त्यामुळे शिध्याच्या यादीत ती बसतच नव्हती. कडेवर तीन वर्षांची मुलगी. मी तिचं नाव यादीच्या तळाशी पेन्सिलीने घालून दिलं. पुण्याचं काम केलं ना?

आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तोवर मला काही कमी नाही.
तुझा
घारा


घर,
१५ फेब्रुवारी

चि. घाऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. साहेबांचं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, आईला अर्धं मी मनाने सांगितलं. तिचे गुडघे बरे आहेत, पण कबूल करत नाही, कारण मग मी चेपून देणार नाही. माझ्या वॉर्डात दोन नर्स रजेवर गेल्यात, त्यामुळे पायांचे खांब झालेत.

तुझं पत्र मी वाचलं आणि दोन गोष्टी खटकल्या, तेवढ्या विचारते. त्या पोती शिवणाऱ्या मुलीचं नाव पेन्सिलीने का लिहिलंस? बाकी यादी शाईने आहे ना? तिचा हक्क असेल तर शाईने लिही आणि नसेल तर वरच्यांना विचारून मिळवून दे. आणि दुसरं, ज्या कागदावर टवाळी करत सही केलीस तो एकदा नीट वाच. बायकांच्या वॉर्डात वीस वर्षं काढली आहेत मी. असा कागद कुणी उगाच करत नाही, आधी काहीतरी घडून गेलेलं असतं.

रागावू नकोस. स्वेटर पाठवते आहे, बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाल.
माया आहे तशीच आहे, तू जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी
ताई


छावणी,
२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या दोन माणसांना पुरतील.

हे पान आईला वाचून दाखवू नकोस. लहानपणापासून तुझ्यापासून मी काही लपवलं नाही, म्हणून लिहितो. पोती शिवणारीचं आणि माझं... गोष्ट पुढे गेली आहे. गोदाम बंद झाल्यावर ती माझ्या खोलीवर येते. तू लगेच भलतासलता विचार करशील, म्हणून सांगतो, मी जबरदस्ती केलेली नाही. एकदाही ती नाही म्हणाली नाही. मी तिला चांगली नवी ताडपत्री दिली, मुलीला बिस्किटं देतो. मुलगी मला मामा म्हणते.

ती बोलत फार नाही. येते, दाराशी चपला अगदी एकमेकींना लावून ठेवते आणि जाताना मुलीचं दूध मिळेल का एवढंच विचारते. मी इथे किती एकटा आहे ते तुला तिथे बसून कळायचं नाही. दिवसभर लोकांचं रडगाणं ऐकून डोकं भणाणतं. कुणीतरी माणूस लागतं.

पेन्सिलीचं म्हणशील तर खाडाखोड नको म्हणून सगळेच तसं करतात.

तू मला समजून घेशील. आजवर घेत आलीस.
तुझा
घारा


घर,
९ मार्च

चि. घाऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र वॉर्डात वाचलं. हातातला ट्रे खाली ठेवावा लागला.

तू लिहितोस, ती एकदाही नाही म्हणाली नाही. अरे, ती नाही म्हणणार कशी? पीठ तुझ्या हातात, डोक्यावरचं छप्पर तुझ्या हातात, तिचं नाव तुझ्या पेन्सिलीखाली. जी बाई निघताना मुलीचं दूध मागते, ती तुझा एकटेपणा घालवायला येते असं तुला खरंच वाटतं? माझ्याकडे अशा बायका येतात. काय झालं विचारलं की म्हणतात, काही नाही, माझीच मर्जी होती. आणि सांगताना भिंतीकडे बघतात.

बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि आई चौतीसची. बाबांच्या पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला ती रोज एका कचेरीत जायची. तिथल्या कारकुनाने तिला एकदा सगळे गेल्यावर एकटीने यायला सांगितलं. ती गेली नाही, म्हणून वर्षभर आपला कागद हलला नाही. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा आपल्याला मामांचं घर होतं, आई नाही म्हणू शकली. या मुलीला कुणाचं घर आहे?

आता नीट ऐक. तिला खोलीवर बोलवणं आजच्या आज बंद कर. तिचं नाव शाईने लिही. आणि स्वतः वरिष्ठांकडे जाऊन जे केलंस ते सांग. नोकरी जाईल. जाऊ दे. दोन आठवडे वाट बघते.

जीव तुटतोय, पण शब्द मऊ करत नाही.
तुझी
ताई


छावणी,
२० मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

परक्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं, तू मला त्या कारकुनाच्या पंगतीला बसवलंस. इथे मी ऊन-वारा न बघता राबतोय, त्याचं काही नाही.

तुझ्या समाधानासाठी सांगतो, तो विषय संपला आहे. गेले आठ दिवस तीच आली नाही. पोती शिवायलाही नाही. काही न सांगता यायचं बंद केलं, इतकं तिच्यासाठी करून. ठीक आहे. सोमवारी नवी यादी लागली, तीत फक्त कार्डवाले आहेत. नियम म्हणजे नियम, तूच म्हणाली होतीस ना कागद वाच म्हणून?

वरिष्ठांकडे मी जाणार नाही. आईला काही सांगू नकोस, तिला सोसायचं नाही.
घारा


घर,
२४ मार्च

मा. तक्रार अधिकारी यांस,
स. न. वि. वि.

आपल्या संस्थेच्या छावणीतील गोदामप्रमुख माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर आपला पत्ता होता. त्याने मला लिहिलेली तीन पत्रं सोबत जोडली आहेत. अक्षर त्याचंच आहे, मीच त्याला ते गिरवायला शिकवलं.

माझी विनंती एवढीच, की आधी पत्रांतल्या त्या पोती शिवणाऱ्या बाईचं नाव यादीत घालावं. चौकशी त्यानंतर करावी. सोमवारपासून तिचा आणि तिच्या मुलीचा शिधा बंद आहे. तिच्याशी बाईमाणसानेच बोलावं, आजूबाजूच्या तंबूंना कळेल असं बोलावू नये आणि तिला काही सांगायचं नसेल तर सांगायला लावू नये. तिला तिथून हलवू नका, हलवायचं ते त्याला हलवा. त्याने आणखी कुणाचं नाव असं लिहिलं आणि खोडलं, तेही बघा.

माझं नाव त्याला कळलं तरी चालेल.

आपली,
त्याची मोठी बहीण


परगाव,
३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रारीचं पत्र तू टाकलंस हे मला चौकशीच्या पहिल्याच दिवशी कळलं. माझीच पत्रं त्यांच्या टेबलावर होती, सगळ्यांत वर स्वेटरवालं. त्या दिवशी तू समोर असतीस तर काय बोललो असतो ते लिहवत नाही.

कामावरून काढलं आहे. अशा कुठल्याही संस्थेत आता मला घेणार नाहीत. पोलिसांतही कागद गेले आहेत, बोलावतील तेव्हा जायचं आहे. सध्या एका जुन्या मित्राच्या खोलीत आहे. त्याला मी खरं कारण सांगितलं नव्हतं, काल सांगितलं. तो उठून बाहेर गेला.

चौकशीला ज्या बाई होत्या त्या एकदाही आवाज चढवून बोलल्या नाहीत. मी सारखं तेच म्हणत होतो, ती नाही म्हणाली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, की ती यायची थांबली त्यानंतर पहिली यादी कधी केलीत? मी तारीख सांगितली. मग त्यांनी विचारलं, तीत तिचं नाव आहे का? ताई, तिथे मला पहिल्यांदा कळलं, की तिने नाही म्हटलं होतं. दाराशी चपला लावायला यायची बंद झाली, तेच नाही म्हणणं होतं. आणि मी तिला उपाशी ठेवलं. हे मी केलं.

सोबत तिच्यासाठी एक बंद पाकीट आहे. माफी मागितली आहे. चौकशीच्या त्या बाईंमार्फत पोचतं करशील का? आणि मी घरी कधी येऊ?

लोभ राहिला असेल तर कळव.
तुझा
घारा


घर,
१२ जून

चि. घाऱ्यास,
अ. उ. आ.

पाकीट पाठवण्याआधी मी त्या बाईंना विचारलं. त्यांनी तिला विचारलं. तिने घ्यायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणून ते न फोडता परत पाठवते आहे. तिला पुन्हा लिहू नकोस. माफी मागून तुला हलकं वाटेल, पण तुला हलकं वाटावं ही तिची जबाबदारी नाही.

चौकशीचं त्या मला काही सांगत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तिने कळवायला सांगितलं तेवढंच कळलं. तिचं कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर झालं आहे. पण ती अजून शिधा घ्यायला स्वतः येत नाही, शेजारची म्हातारी आणून देते. त्या गोदामाच्या दाराकडे तिला बघवत नाही. मुलीने दोनदा विचारलं, मामा कुठे गेला. तिला काय सांगायचं हे कुणालाच कळलेलं नाही. आणखी एक बाई पुढे आली आहे, एवढं एक वाक्य त्यांनी मला कळवलं. ते तू मला लिहिलं नव्हतंस. मी आता विचारतही नाही.

तुला मीच वाढवलं. भात कालवून भरवला, बोट धरून शाळेत सोडलं. यात मी कुठे चुकले, हे वॉर्डातून परत येताना रोज शोधते. सापडत नाही.

पोलिसांनी बोलावलं की जा, आणि जे मला लिहिलंस ते शब्दन् शब्द तिथे सांग. ते झाल्याशिवाय घरी येऊ नकोस. दार बंद केलेलं नाही मी. पण तू आत येऊन बसशील आणि आपण तिघं जेवू, एवढं अजून मला जमणार नाही.

आईला सांगितलं. तू नको म्हणाला होतास, पण तू पाठवलेला नमस्कार आठवून ती रोज आशीर्वाद देत होती, ते मला बघवेना. सगळं तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी तिचे गुडघे चेपत होते, तेव्हा तिने एकच विचारलं, की त्या पोती शिवणाऱ्या मुलीला आई आहे का. मी म्हटलं, नाही, जावयाबरोबर तीही त्याच घराखाली गेली. मग तिने माझा हात बाजूला केला आणि पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे वळून निजली.

तुझ्यावरचा लोभ आटत नाही, हेच अवघड झालं आहे.
तुझी
ताई