दस्त्यातली वाळू

मामंजी, श्रावणात तुमच्या बंदुकीचा दस्ता दुरुस्तीला दिला आणि त्यातून वाळू निघाली. लाकडाची भेग फार वाढली होती, म्हणून परवाना ज्यांच्या नावावर आहे ते तुमचे चिरंजीव आणि मी कसब्यातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी गंजून बसली होती. ती निघाल्यावर कारागिरानं लाकूड कागदावर झटकलं. चांगली चमचाभर वाळू, आणि आत काळा डाग. "काकू, ही ओढ्यानाल्यात बुडालेली आहे. वरून पुसून ठेवली, आतलं पाणी आतच राहिलं." मी विचारलं, "ओल्या फडक्यानं पुसून असं होतं का हो?" तो हसला. "फडक्यात वाळू असते का कुठे?"

एवढा साधा प्रश्न मी चाळीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. पाटावर लाल कापड, त्यावर विळी, अडकित्ता, सुरी मी मांडून ठेवली आहे. आदल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं म्हणून बंदुकीचं लाकूड ओलसर फडक्यानं पुसलं आहे. तुम्ही सोवळं नेसून येता, बंदूक उचलता. दस्ता फुगलेला, पॉलिश पांढरं पडलेलं. जेवायला आलेली मंडळी बघतायत, त्यात माझा भाऊही आहे. तुम्ही शांतपणे म्हणता, "सून मॅट्रिक आहे आमची. बंदूक भांड्यांबरोबर घासायची नसते, हा धडा पुस्तकात नव्हता वाटतं." सगळे हसले. भाऊसुद्धा हसला, बिचारा, काय करणार. सासूबाई कढईत बघत राहिल्या. मग तुम्ही म्हणालात, "यापुढे देवापुढच्या हत्याराला हिचा हात लागता कामा नये."

नाही लागला. घट मी बसवायचे, नवरात्राचे उपास मी करायचे, आणि नवमीला पूजेचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायचे. तुम्ही गेल्यावरही तेच चालू राहिलं. तुम्हाला माहीत नाही, कुणालाच नाही, पण देवाची वस्तू माझ्या हातून नासली म्हणून दर खंडेनवमीला मी अळणी जेवत आले. सगळ्यांच्या पानात पुरणपोळी, कटाची आमटी. माझी आमटी आधीच काढून ठेवलेली, बिनमिठाची.

दुकानातून परतताना रिक्षात ह्यांना विचारलं. म्हणाले, "ओढ्यात पडली होती. आपल्या लग्नाआधीच्या पावसाळ्यात. डुकराच्या मागे गेलो होतो आम्ही. शिकारीला बंदी आलेली, म्हणून बाबा म्हणाले, घरात बोलायचं नाही."

"आणि सगळे मला हसले तेव्हा?"

"अगं, तुला एवढं लागलं असेल असं वाटलं नाही."

मी रिक्षा थांबवून उतरले आणि घरापर्यंत चालत आले. मामंजी, देवापुढे, सोवळ्यात उभं राहून तुम्ही खोटं बोललात, आणि पाप फेडत बसले मी! हातून चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण तुम्ही माहीत असून दोष दिलात. शेवटच्या दिवशी तुमच्या तोंडात गंगाजल मी घातलं. तेव्हा तरी सांगायचंत. तोंड उघडलेलंच होतं.

दस्ता आता छान झाला आहे. कारागिरानं महिनाभर सावलीत वाळवला, भेग भरली, जवसाचं तेल मुरवलं. काल खंडेनवमी झाली. ह्यांच्या हातात ताट दिलं आणि सांगितलं, "तुम्ही उंबऱ्याबाहेर उभे राहा." राहिले. पूजा मी केली. आमटीत मीठ घातलं, चिमूटभर जास्तच पडलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. तुमच्या तसबिरीमागे खोचून ठेवावं असं मनात होतं, पण तो मान तुम्हाला द्यावासा वाटत नाही. सध्या डाळीच्या डब्याखाली राहू दे.

एक मात्र सांगते. पूजेआधी मी मुद्दाम फडकं भिजवून, पिळून घेतलं होतं. ते दस्त्याजवळ नेलं आणि हात थांबला. मग कोरडं फडकं आणलं, आणि त्यानंच पुसलं.