परातीतलं बुडापेस्ट

आई, मे महिन्याच्या सुट्टीत मी बुडापेस्टला जाणार आहे. बरोबर दोन मैत्रिणी आहेत, दोघी जपानी. मी हल्ली जपानात असते, सेंदाई नावाच्या गावात, आणि इथल्या विद्यापीठात भातावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करते. हे सगळं तुला पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मिरजेत कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंतसुद्धा एकटी जात नव्हते. शाळेत माझं नाव पुकारलं की मी बाकाखाली शिरायचे. शेवटी तू म्हणालीस, राहू दे, मीच शिकवते हिला. मग आपली शाळा स्वयंपाकघरात भरायला लागली. पाढे भाजी निवडताना, शुद्धलेखन कुकर होईपर्यंत, आणि दुपारच्या पोळ्यांच्या आधी भूगोल.

ती दुपार मला अजून दिसते. तू परातीत कणीक घेतली आहेस आणि त्यात पाणी घालायचं सोडून एका बाजूला तिचा डोंगर करते आहेस. दुसरी बाजू हाताने सपाट केलीस, मधून बोट ओढलंस. ही डोंगराकडची बुडा, ही सपाटीवरची पेस्ट, मधून वाहते ती डॅन्यूब. तुला शाळेत असताना बक्षीस मिळालेला नकाशांचा जुना संग्रह शेगडीपासून लांब, पाटावर उघडा ठेवलेला असायचा. घेवड्याच्या शेंगांच्या शिरा नदीवर आडव्या ठेवून तू पूल बांधलेस. मला एक चिंचोका दिलास आणि म्हणालीस, हा राजवाडा, ठेव बघू कुठे असेल तो. मी ठेवला पेस्टमध्ये, कारण ती बाजू माझ्याकडे होती. तू विचारलंस, तिथे कशावरून? मी म्हटलं, मी वाचलंय. मी काही वाचलं नव्हतं. तू चिंचोका उचललास, डोंगरावर ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "उगीच ठोकून द्यायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही." मला रडू यायला लागलं, तशी तू लगेच तांब्यातलं पाणी ओतलंस, नदीला पूर आला म्हणालीस, आणि सगळं शहर मळून टाकलंस. जेवताना बाबांनी पोळी मागितली तर तू म्हणालीस, पेस्ट संपली, आता बुडाच उरलीय. बाबांना काही कळलं नाही. आपण दोघी हसलो.

त्या गावाखाली जमिनीतूनच गरम पाणी येतं, हेही तूच सांगितलं होतंस. लोक त्यात तासन् तास बसतात. तू रोज पहाटे उठून बंब पेटवायचीस, ओल्या लाकडांनी डोळे लाल व्हायचे. म्हणालीस, "म्हणजे बंबच नको. मोठी झालीस की मला तिथे नेऊन सोड." ही थट्टा होती हे मला आता कळतं. तेव्हा मी मान डोलावली होती, आणि मी मान डोलावली की ते मनावर घेते, हे तुला माहीत आहे.

आता इथलं सांगते. सेंदाईला आले तेव्हा पहिले काही आठवडे आम्हा परदेशी लोकांना जपानी शिकवायचे. समोरासमोर बसून सवाल-जवाब पाठ करायचे. तुमच्या आई कशा आहेत? आपल्या कृपेने बऱ्या आहेत. इतक्या वेळा घोकलं की झोपेतही यायचं. मग विभागात रुजू झाले. तिथल्या ऑफिसातल्या बाई पन्नाशीच्या, विधवा. त्यांनी मला चहा दिला आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, तुझ्या आई कशा आहेत? मी म्हणून गेले, आपल्या कृपेने बऱ्या आहेत. बाईंचा चेहरा खुलला. पोरीला भाषा येते तर! मलाही बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते रात्री खोलीवर आल्यावर लक्षात आलं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. काकू रोज सांगायच्या, आई बरी आहे. ते वाक्य मी तेव्हापासून कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करायला हवं होतं. पण माणूस गेल्याचं जपानीत कसं सांगतात ते आमच्या पुस्तकात अजून यायचं होतं, आणि ते आलं तोपर्यंत बाईंनी तुझ्यासाठी वाळवलेली पर्सिमनं दिली होती. म्हणजे फळंच, आपल्या जर्दाळूसारखी लागतात. मी प्रयोगशाळेत एक आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजते. माहीत नसेल तिथे माहीत नाही असं लिहिते, आमचे प्रोफेसर हसतात मला. आणि तुझ्याबद्दल मात्र ठोकून दिलं ते दिलंच. सणासुदीला बाई विचारायच्या, मी म्हणायचे, आई बरी आहे. होता होता अशी वर्षं गेली. मिरजेत तुझ्या फोटोला चंदनाचा हार आहे. साऱ्या जगात तू जिवंत असलेलं सेंदाई हे एकच गाव.

फेब्रुवारीत बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही तिघी दुपारच्या चहाला स्टोव्हभोवती बसलो होतो. तिसरी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, बर्फातही सायकल मारत येणारी. तिने स्टेशनसमोरच्या प्रवासी कंपनीतून रंगीत पत्रकं उचलून आणली होती. एवीतेवी युरोपात जायचं तर आंघोळीच्या गावी जाऊ, असं तिचं म्हणणं. इथे सगळ्यांना गरम झऱ्यांचं फार वेड. बाई म्हणाल्या, इतक्या लांब जाऊन पुन्हा आंघोळच करायची, तर आपलं आकिऊ काय वाईट आहे, बसने अर्ध्या तासात येतं. तरीही पत्रक पुढे सरकवल्यावर त्यांनी चष्मा लावला. मी बघितलं तर एका बाजूला डोंगर, एका बाजूला सपाटी, मधून नदी, नदीवर पूल. आणि राजवाडा डोंगरावर. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईला हे गाव फार आवडतं."

नंतर खोल्यांचा प्रश्न आला. हॉटेलातली खोली दोघींची, आम्ही तिघी. एकटीने कोणी राहायचं? मी राहते, बाई म्हणाल्या. छे छे, मी राहते, धाकटी म्हणाली. मीही म्हटलं. इथे कोणी स्वतःला हवं ते मागत नाही, आणि मला तर तूच शिकवलंयस की दुसऱ्याकडे गेल्यावर काही मागायचं नाही. त्यामुळे तिघी बराच वेळ एकमेकींना खोली देत बसलो. शेवटी धाकटीने टाळी वाजवली. चौथी हवी. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तुमच्या आई! त्या मुंबईहून येतील, आपण इथून. तिथे भेटू." इथे मुली आईला मुद्दाम सहलीला नेतात, त्याला फार मान आहे. मी म्हटलं, विचारून बघते.

त्या रविवारी मी सार्वजनिक फोनमध्ये कार्ड घालून बाबांना फोन केला. आईला बुडापेस्ट आवडायचं असं ती तुम्हाला कधी बोलली होती का, एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, "तिला? तिला कोल्हापूरची अंबाबाई आवडायची. त्याच्या पुढे ती कुठे गेलीच नाही." मग म्हणाले, का गं? मी म्हटलं, सहज.

सोमवारी मी तुझा निरोप सांगितला. तुम्ही पोरी जाऊन या, माझे गुडघे मला घरचा जिना चढू देत नाहीत, डोंगर कुठला चढू. आई, मला हे जुळवावं लागलं नाही. सायकलवरून येताना तुझ्याच आवाजात आलं. पण धाकटी ऐकणारी नव्हे. गुडघे दुखतात म्हणूनच तर न्यायचं, गरम पाण्यात चार दिवस बसल्या की पळायला लागतील. तिने शोधून काढलं की डोंगरावर जायला रुळांवरून ओढला जाणारा डबा आहे. कुठल्या स्नानगृहात कठडा आहे, कुठे बसायला बाक आहेत, ते बघितलं. तुला मांस चालत नाही म्हणून उकडलेल्या भाज्या कुठे मिळतील तेही. मी रोज तुझा नवा नकार घेऊन जायचे, ती रोज त्यावर तोड काढायची. "तुमच्या आई फारच हट्टी आहेत हं," ती म्हणायची, आणि मला अभिमान वाटायचा. मी तुला पांढरे केस दिले. वाचायचा चष्मा दिला. चहा फार उकळतात म्हणून बाहेरचा चहा न पिण्याची सवय दिली. मला दुसऱ्या दिवसाच्या तिसऱ्या प्रहराची वाट बघायची सवय लागली.

ऑफिसातल्या बाई या सगळ्यात फारशा बोलत नव्हत्या. त्यांची एक गोष्ट मला पूर्वी खटकायची. कुठेही जाताना त्या नवऱ्याचा फोटो बरोबर नेतात. चेरी फुलली की आम्ही बागेत चटई टाकतो, तिथे तो फोटो झाडाला टेकवून त्याच्यासमोर पेला भरून ठेवतात. आकिऊला गेलो तर खिडकीत ठेवला, नदी दिसावी म्हणून. आपल्याकडे भिंतीवरचा फोटो कोणी सहलीला नेईल का? मी तेव्हा नजर दुसरीकडे वळवली होती.

पैसे भरायचा दिवस आला. धाकटी प्रवासी कंपनीत निघायच्या तयारीत होती, तिला फक्त तीन की चार ते हवं होतं. ती कोट आणायला गेली. मी आणि बाई मोरीपाशी कप विसळत होतो. आता मात्र सांगावंच लागणार होतं, आणि सांगितलं की इथलीही तू जाणार होतीस. बाई कप पुसत म्हणाल्या, "माझे यजमान जिने चढताना अजिबात कुरकुर करत नाहीत." मी नळ तसाच सोडून त्यांच्याकडे बघितलं. त्या कपच पुसत होत्या. "तुझ्या आईचंही तसंच असेल, नाही का? घेऊन ये त्यांना. लहानसाच आण, मोठा बॅगेत वाकतो." आणि थोड्या वेळाने, "त्यांना पलंग लागत नाही. तिघींचंच बुकिंग करू. एकटीच्या खोलीत मी राहीन, आम्हाला सवय आहे."

कधीपासून माहीत होतं त्यांना, मी विचारलं नाही. कदाचित पहिल्या चहापासून. मी मान डोलावली. तू खरोखर गेलीस त्या दिवशी मला काकूंनी दारातच धरून ठेवलं होतं आणि मला रडूही आलं नव्हतं, कारण सकाळीच त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं होतं. ते रडणं त्या मोरीपाशी आलं. बाईंनी नळ आणखी मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. धाकटीला त्यांनी दारातूनच सांगितलं, आई येत नाहीत, तिघींचं कर.

बाबांनी हार काढून फोटो स्टुडिओत नेला आणि त्याची लहान प्रत पाठवली. काल आली. आई, त्यात तू माझ्याहून लहान आहेस. केस काळेभोर, चेहरा दचकल्यासारखा, पदर घट्ट धरलेला. मी दिलेलं त्यातलं काहीच नाही. पांढरे केस नाहीत, चष्मा नाही. या मुलीला मी कुठला कठडा धरायला लावणार होते? हिला डोंगर पळत चढता आला असता. मला ही पुष्कळ आठवते आणि तरी मला त्या दुसरीचीच आठवण येते, जी कधी झालीच नाही. ती मला या फोटोत सापडत नाही. तिचा फोटो कुठे मिळणार?

तरी तुला नेईन. बाईंच्या यजमानांशेजारी खिडकीत ठेवीन, नदी दिसेल अशी. बुडा कुठली आणि पेस्ट कुठली ते तूच मला सांग, मी या वेळी काही ठोकून देणार नाही.

हे पाठवायचं नाहीच, त्यामुळे शेवट कसा करावा याची काळजी करायचं कारण नाही, तरी करते आहे. एक राहिलं. धाकटीला मी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन म्हणते, आणि उद्या पुन्हा तेच म्हणते. आज तिने माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं, औषधी पट्ट्यांचं, दुखऱ्या जागी चिकटवायच्या असतात तसल्या. तुमच्या आईंना पाठवून द्या, म्हणाली, येत नाहीत तर निदान एवढं तरी. मी वाकून आभार मानले. घरी आले, पाकीट फोडलं आणि एक पट्टी माझ्या गुडघ्याला लावली आहे. माझा गुडघा दुखत नाही. आधी एकदम गार लागली. आता हळूहळू ऊब येते आहे.