पहिल्या अर्जाची तारीख

“तारीख चुकली, की देवाकडेही अपील नाही,” असं माझे गुरू महिपतीसर १९८९ साली शनिवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात मला म्हणाले होते. मी तेव्हा हसले होते.

मी, शर्मिला प्रज्ञेश वाघमारे, वय ४६, व्यवसाय पेटंट वकिली, राहणार वारजे, पुणे, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझ्या मेंदूतली गाठ काढणार आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. भीतीसाठी त्या दाखल्यात रकाना नाही.

१. वारज्याच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा व बँकेतली शिल्लक पती प्रज्ञेश यांना. आमच्या पार्किंगमध्ये नऊ वर्षं स्कूटर लावणाऱ्या करंदीकरांना ती जागा मात्र देऊ नये. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं.

२. माझे वडील खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांची कंपासपेटी मुलगी उत्कर्षा हिला. माझ्या पहिल्या पेटंट अर्जाच्या आकृत्या मी त्याच पेटीने काढल्या. माझा व्यवसाय मात्र तिने घेऊ नये.

३. चालू फायली सहकारी हेमा यांच्याकडे. प्रत्येकीवर शेवटची तारीख लाल शाईने लिहिली आहे. काल त्या मी चौथ्यांदा तपासल्या, तेव्हा हेमा म्हणाली, “मॅडम, तारखा पळून जात नाहीत हो.” जातात.

४. माझी निळी नोंदवही माझे जुने अशील, येरवड्याचे वैजनाथ धुमाळ यांना द्यावी. लोडशेडिंगमध्ये वीज गेली, तरी कारखान्यातलं यंत्र थांबलं तिथूनच पुढे चालू करणारं सर्किट त्यांनी स्वतः शोधलं होतं. अमेरिकेतली एक कंपनी ते घ्यायला तयार होती. परदेशी अर्जाला बारा महिने मिळतात आणि ते पहिल्या, कच्च्या अर्जापासून मोजतात. मी पक्क्या अर्जापासून मोजले. चूक कळली तेव्हा मुदत संपून एकोणीस दिवस झाले होते.

मी वैजनाथना सांगितलं, की तिकडे असंच सर्किट कुणीतरी आधीच नोंदवलेलं आहे. हे खोटं होतं. तसं असतं तर इथलाही अर्ज टिकला नसता, म्हणून त्यांनी तोही सोडून दिला. मी त्यांना थांबवलं नाही. त्या कंपनीने पुढे ते सर्किट फुकटात बनवलं. वैजनाथनी वर्कशॉप बंद करून नोकरी धरली.

जानेवारीत खरं सांगायला मी त्यांच्या घरी गेले होते. ते बायकोला म्हणाले, “मॅडमनी वेळेत सावध केलं, नाहीतर कोर्टकचेरीत बुडालो असतो.” मग मला म्हणाले, “आता नवीन काही सुचलं तरी लिहीत नाही, मॅडम. आपल्या डोक्यात येतं ते आधीच कुणाच्या तरी डोक्यात येऊन गेलेलं असतं.” मी पोहे छान झालेत म्हणाले आणि परत आले.

वैजनाथ, तुमच्या आधी ते कुणालाही सुचलं नव्हतं. वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर दोन्ही अर्जांच्या तारखा माझ्या हस्ताक्षरात आहेत.

हे कलम वाचून प्रज्ञेश म्हणाले, “उद्या तो इस्टेटीवर दावा लावेल. काढून टाक.”
“अहो, लावू दे की.”
“तू नसशील. कोर्टात मी उभा राहणार.”
कलम ठेवलं आहे. त्यांना त्रास होईल हे मला कळतं.

माझी सही: शर्मिला प्र. वाघमारे
साक्षीदार: १. डॉ. श्रद्धा इनामदार २. कोंडीराम शेळके, निवृत्त शिक्षक
पुणे, २ मार्च २००७

साक्षीदार सह्या करून गेल्यावर हे लिहीत आहे, त्यामुळे कायद्याने याला किंमत नाही.

अहो, मरणाची भीती वाटतेच. पण मी बरी होऊन घरी आले तर काय करीन, त्याची जास्त वाटते. मी मृत्युपत्राचं हे पाकीट तुमच्याकडून परत मागेन, चौथं कलम फाडीन आणि वैजनाथ दर दिवाळीला पाठवतात तो चिवडा पुन्हा खाईन. मी कितीही रडले तरी पाकीट मला देऊ नका. मी जिवंत असतानाच, त्याच आठवड्यात, ती वही घेऊन तुम्ही येरवड्याला जा. तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तरीही जा.