फेट्याची रेघ

सर, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आता शिकागोजवळ जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे त्यांच्या बॉडीचं लाकूडकाम करतो. हसू नका. ज्यांच्या तळघरात राहतो त्या काकू पुरेशा हसतात. "अरे, इथे डॉक्टर आले, इंजिनिअर आले, तू एकटाच सुतार कसा रे आलास?" मधल्या चार नोकऱ्यांचं विचारू नका. पायाला भिंगरी आहे, हे तुम्हीच म्हणायचात. तर, काय सांगत होतो? परवा म्हाताऱ्याने भिंतीवर मोटारीएवढा कागद लावला. त्यावर लाल, निळ्या, काळ्या रेघा, एकीवर एक, नुसता गुंता. मी म्हणालो, "हे कुणी खराब केलं?" तो म्हणतो, "खराब नाही, पोरा. एकाच गाडीची तीन चित्रं आहेत. लाल बाजूने, निळं वरून, काळं समोरून." मी हातात पाना धरून उभाच. सर, हा तर तुमचा फळा!

आपल्या टेक्निकल शाळेच्या वर्कशॉपमधला तो भिंतभर फळा. निवृत्त होऊनही तुम्ही यायचात आणि रंगीत खडूंनी त्यावर पंधरा दिवस काहीतरी काढत होतात. आम्ही मागे बसून म्हणायचो, सरांनी चष्मा बदलायला हवा, कालच्यावरच आज काढतात. तुम्ही सांगत होतात खरं, की महायुद्धाआधी मोटार कंपनी नुसता सांगाडा नि इंजिन पाठवायची आणि वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या मर्जीने इथे बांधायचे. तरुणपणी मुंबईच्या कारखान्यात तुम्ही एका संस्थानिकाच्या नव्या मॉडेलची बॉडी आखलीत, पण लढाई लागली, सांगाडा आलाच नाही आणि कागदही गेले. तेच तुम्ही आठवून काढत होतात. अडत होतं ते छप्पर. "राजेसाहेब फेट्यासकट बसणार. फेटा मावला तर रेघ गोड राहत नाही, रेघ गोड केली तर फेटा अडकतो." आम्ही खिदळायचो. एकाने तर खडू चाटून दाखवला होता. बरं, तो मीच.

मग खंडेनवमी आली. तुम्ही दोन दिवस गावी. आम्ही रंधे, पटाशा, कानशी घासल्या, आणि पूजेला फळाही स्वच्छ हवा म्हणून मी तो ओल्या फडक्याने पुसला. तुम्ही आलात, बघितलंत, चष्मा काढलात. "छान. आता हार घाला." एवढंच. मी कोऱ्या फळ्याला हार घातला. तुम्ही पुन्हा त्यावर काही काढलं नाहीत आणि त्याच थंडीत गेलात. ते 'छान' म्हणजे माफी होती की शिवी? आता काकूंनी डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांतून झेंडू आणायला सांगितलेत, म्हणजे दसरा आला, आणि मला अजून कळलेलं नाही.

तर परवा म्हातारा भिंतीवरच्या त्या कागदातल्या एका रेघेवरून तळवा फिरवत म्हणाला, "नॉट स्वीट." मी दचकलो. मला वाटायचं, कुठे न अडखळता वाहणाऱ्या रेघेला गोड म्हणणं ही आपली गुळाच्या गावची बोली. मग तुम्ही तो शब्द कुणा साहेबाकडून उचललात, की पत्रा वाकवणारे सगळीकडे असंच बोलतात? त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. "मग ते ड्रॉइंग कुठंय?" "पावसात गेलं," मी ठोकून दिलं. त्याने गुंडाळीतून कोरा कागद फाडून दिला. "आठवतंय तेवढं काढ." काही आठवेना. आणि मग हात आपोआपच चालला, एकच लांब रेघ. तो म्हणतो, "छप्पर एवढं उंच का?" फेटा म्हणजे काय हे समजावण्यात दोघांची कॉफी गार झाली. मग त्याने माझ्या रेघेवरूनही तळवा फिरवला. "उंच आहे, पण स्वीट आहे. बघून बघून पाठ झालेली दिसते."

त्याच कागदाच्या पाठीवर हे लिहितोय, त्यामुळे पाठवायचं म्हटलं तरी हा कागद माझ्या हातातून सुटायचा नाही. सर, मी ती रेघ कधी नीट बघितलीच नव्हती. तुम्ही तिच्यावर इतक्यांदा खडू फिरवला होतात की ती जाता जाईना. तीनदा फडकं भिजवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मी ती घासली होती. म्हणून हाताला तेवढीच येते.