न धुतलेला रुमाल

उरण, मंगळवार

प्रिय नेत्रा,

तू मुंबईला परत गेल्यापासून पत्र लिहायला बसतो आणि उठतो. फोन करतो तर खाडीतल्या मासळीचं बोलून ठेवून देतो. आज लिहून संपवणारच.

आमच्या शेडमध्ये लेझरचा किरण लोखंडी पत्र्यातून आरपार जातो तेव्हा ठिणग्यांचा सडा पडतो. गेटावरच्या खुर्चीतून तो पाहिला की मला चौथीतली फुलांच्या सड्याची कविता चालीसकट आठवते. तुला म्हणून दाखवली तर हसलीस. म्हणालीस, “आजा, ठिणग्या दिसतात तरी. न दिसणारे कण उडतात, ते श्वासात किती जातात ते मला मोजायचंय.” मग तुझ्या मामेभावाच्या, प्रणयच्या कमरेला छोटा पंप बांधलास, कॉलरला नळी लावलीस. नळीच्या तोंडाशी कण टिपणारी चकती. इतकं पांढरं मी जन्मात एकदाच पाहिलं होतं, आमच्या मिठागरावरची मोसमातली पहिली रास. तिला मळका हात लागला की बाबा पाठीत धपाटा घालायचे. “हात लावू नका हं,” सांगून तू घरी जेवायला गेलीस.

तुझा अहवाल आला. कण मर्यादेत. शेठने तो फ्रेम करून भिंतीवर लावला; धूर ओढणारा पंखा बिघडलाय तो बिघडलेलाच. प्रणयने मास्क खिळ्याला टांगला. म्हणतो, “न्हाय लागत आता. ताईनं मोजलंय ना.” आरतीत त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. परवा दुसऱ्या कडव्यालाच खोकत बाहेर गेला. मी टाळ वाजवत राहिलो.

बाय, चकतीला मी हात लावला नाही. पण प्रणयच्या शर्टावर काळसर भुकटी बसू लागली, आणि नातीची नवीकोरी वस्तू आपल्याच शेडमध्ये मळावी हे बघवेना. माझा धुतलेला रुमाल नळीच्या तोंडाला बांधला. प्रणयला वाटलं, तूच सांगितलं असशील. तुझी स्कूटी वाजली तसा सोडून खिशात घातला. चकती पाहून तू म्हणालीस, “शेड छान ठेवलीय हो.” त्या शाबासकीवर मी पंधरा दिवस काढले.

रुमाल धुतलेला नाही. मधोमध रुपयाएवढा काळा डाग आहे. पत्रासोबत पाठवतोय. शेठला माझं नाव सांग, खुर्ची गेली तर जाऊ दे. पुन्हा मोजायला ये, लवकर ये. फक्त मला आधी कळवू नकोस. मी शेड झाडून ठेवीन.

तुझाच,
आजा